काचेतला दागिना आणि आपली गौरवाची सवय

सिंहावलोकन हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. वाट चालता चालता सिंह मधेच थांबतो, मान वळवतो आणि मागे टाकलेला रस्ता निरखतो, अशी त्यामागची कल्पना. तो कौतुकाने मागे पाहतो असे कुणी म्हटलेले नाही. आपल्याकडे मात्र साठी, पंचाहत्तरी, शताब्दी अशी निमित्ते आली की सिंहावलोकनाचे सोहळे होतात आणि त्यांत सिंहाच्या अंगावर शाल घालण्यापलीकडे सहसा काही घडत नाही. चित्र-शिल्पाच्या जगात या प्रकाराला पूर्वलक्षी प्रदर्शन म्हणतात. शाल तिथेही पोहोचलेली आहे. दागिने घडवणाऱ्या एका कलावंताच्या अशाच प्रदर्शनाविषयी मला भांडायचे आहे. प्रदर्शन होऊन दशकाहून अधिक काळ लोटला. पण त्याने उभा केलेला प्रश्न मला दर वर्षी एम. ए.च्या वर्गात भेटतो, म्हणून हा उशिराचा उपद्व्याप.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २० नोव्हेंबर २०१३ ते ९ मार्च २०१४ या काळात 'ज्युवेल्स बाय जार' हे प्रदर्शन भरवले होते. 'जार' ही जोएल आर्थर रोझेन्थाल यांच्या नावाची आद्याक्षरे. १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेले रोझेन्थाल हार्वर्डमध्ये शिकले, पॅरिसला गेले आणि १९७८ मध्ये तिथल्या प्लास वांदोम या श्रीमंत चौकात त्यांनी आपली पेढी उघडली. रस्त्यावरून जाणाऱ्याला माल दिसावा अशी कोणतीही मांडणी नाही. भेट आधी ठरवल्याशिवाय प्रवेश नाही. आणि कुणासाठी काय घडवायचे हे गिऱ्हाइकापेक्षा कारागीरच ठरवणार, अशी या पेढीची ख्याती. अशा माणसाच्या चारशेहून अधिक वस्तू संग्रहालयाने एकत्र आणल्या. दागिने घडवणाऱ्या समकालीन कलावंताला या संग्रहालयाने पूर्वलक्षी प्रदर्शनाचा मान देण्याची ती पहिलीच वेळ होती.

आता, मान दिला तर तुमच्या पोटात का दुखते, असे कुणी विचारील. तर आधी कौतुकाचे जे आहे ते मोकळेपणाने सांगून टाकतो. रोझेन्थाल यांचा हात असामान्य आहे. बारीक खडे एकाला एक लागून असे बसवायचे की मधला धातू नजरेत येऊ नये, आणि त्यांच्या रंगछटा एकीतून दुसरीत अशा उतरवायच्या की पाकळीवर ऊन सरकल्याचा भास व्हावा, ही त्यांची खासियत. चांदी चमकली तर ती खड्यांशी स्पर्धा करील, म्हणून ते तिला काळी करतात. १९८७ सालचा त्यांचा झेब्र्याचा ब्रोच पाहावा. अकीक दगडातले निसर्गदत्त पट्टेच त्यांनी झेब्र्याच्या अंगावरचे पट्टे म्हणून वापरले आहेत. दगडात आधीच दडलेले जनावर ओळखणे ही कवीची नजर आहे, हे मी कुठल्याही न्यायालयात शपथेवर सांगेन.

माझे भांडण प्रदर्शनाशी आहे. आणि हो, ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. जळगावच्या किंवा साताऱ्याच्या अलीकडे ज्याचे आयुष्य गेले त्या मराठीच्या प्राध्यापकाने न्यूयॉर्कच्या दालनांबद्दल बोलावे का, ही शंका रास्त आहे. माझ्यासमोर होती ती छायाचित्रे, नोंदी आणि परीक्षणे. पण याच कलावंताचे २००२ च्या अखेरीस लंडनच्या समरसेट हाउसमध्ये भरलेले प्रदर्शन आठवा. तिथे दालने काळोखी ठेवून प्रेक्षकांच्या हाती विजेऱ्या दिल्या होत्या. म्हणजे जे तिथे गेले त्यांनाही एका वेळी एवढुशा प्रकाशाच्या वर्तुळात मावेल तेवढेच दिसले. तेव्हा दिसण्या-न दिसण्याच्या बाबतीत मी फार मागे आहे असे मला वाटत नाही!

न्यूयॉर्कच्या वस्तूंच्या नोंदी वाचल्या तर त्यांची एक ठरावीक चाल लक्षात येते. वस्तूचे नाव. वर्ष. मग हिरे, टुर्मलीन, नीलम, सोने, चांदी अशी घटकद्रव्यांची यादी. आणि शेवटी दोन शब्द : 'खासगी संग्रह'. पुन्हा पुढच्या वस्तूला तेच, तिच्या पुढच्या वस्तूला तेच. हे दोन शब्द पायरीवर बसलेल्या दरवानासारखे आहेत. दागिना कुणासाठी घडला, कोणत्या प्रसंगी, तो किती वेळा अंगावर चढला आणि किती वर्षे तिजोरीत पडून राहिला, हे विचारू गेलात तर दरवान हात आडवा घालतो. किमतीचा तर विषयच नको. संग्रहालयाच्या सभ्यतेत तो बसत नाही. गंमत अशी की त्याच संग्रहालयाच्या दुकानात या कलावंताच्या नावाची कर्णभूषणे प्रदर्शनाच्या काळात विक्रीला होती. म्हणजे दालनात किंमत विचारणे असंस्कृतपणाचे आणि दालनाबाहेर ती मोजणे संस्कृतीला हातभार लावण्याचे.

'न्यूयॉर्क टाइम्स'च्या समीक्षक रोबर्टा स्मिथ यांनी या प्रदर्शनावर तेव्हा कडक टीका केली होती. प्रदर्शनाचा पोकळपणा त्यांना खुपला. अनेकांनी ती टीका 'दागिन्यांना कला न मानणाऱ्यांचा आकस' म्हणून उडवून लावली. इथे मला थांबावेसे वाटते, कारण आपल्या वर्गांतही हीच गल्लत होते. दागिना ही कला की कारागिरी, असा प्रश्न निघाला की एक बाजू म्हणते, कारागिरीच. दुसरी म्हणते, अहो, एवढे सुंदर आहे तर कलाच. दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकमत आहेत, ती ही की दागिन्याची समीक्षा करायची नसते. पहिली ती करीत नाही कारण वस्तू खालच्या पायरीवरची. दुसरी करीत नाही कारण वस्तू डोळे दिपवणारी. माझे म्हणणे असे आहे की कलेचा दर्जा मागणाऱ्याने समीक्षेचा काच सोसला पाहिजे. मेट्रोपॉलिटनने रोझेन्थाल यांना कलावंताचे सिंहासन दिले आणि कलावंताला विचारले जाणारे सगळे प्रश्न मात्र माफ केले. हा दागिन्याचा सन्मान म्हणता येत नाही. लाडक्या मुलाला परीक्षेविना वर चढवण्याचा हा प्रकार आहे.

योगायोग पाहा. त्याच २०१३ साली, काही महिने आधी, म्युनिकच्या 'दि नॉये झामलुंग' या संग्रहालयाने ओटो क्युन्झली यांचे पूर्वलक्षी प्रदर्शन भरवले होते. पुढे २०१५ मध्ये ते टोकियोलाही गेले. क्युन्झली १९४८ साली झुरिकमध्ये जन्मले, म्युनिकच्या कला अकादमीत हेर्मान युंगर यांच्या हाताखाली शिकले आणि १९९१ मध्ये युंगर यांच्याच जागी प्राध्यापक झाले. त्यांचे सर्वांत गाजलेले काम १९८० चे. काळ्या रबराचे एक कडे आहे. एका जागी ते गोटी गिळलेल्या सापासारखे फुगलेले दिसते. आत सोन्याचा गोळा आहे. दिसत मात्र नाही. तो पाहायचा तर रबर कापायला हवे, आणि कापले तर दागिना संपला. कड्याचे नाव 'सोने आंधळे करते'. घालणाऱ्याने आत सोने आहे यावर विश्वास ठेवायचा, आणि पाहणाऱ्याने घालणाऱ्यावर. आपण सोन्यावर एरवी ठेवतो तो विश्वास याहून किती वेगळा असतो? बँकेच्या लॉकरमधले सोने तरी कुणाला दिसते?

दुसरे काम, १९८५-८६ चे, नाव नुसतेच 'साखळी'. वापरून झालेल्या, विकल्या गेलेल्या ४८ लग्नाच्या अंगठ्या एकीत एक गुंतवून केलेला हा हार. अंगठ्यांच्या आत नावे आणि तारखा कोरलेल्या, सर्वांत जुनी १८८१ ची आणि सर्वांत अलीकडची १९८१ ची. शंभर वर्षांची लग्ने. त्यांतली काही मृत्यूने संपली असतील, काही भांडणाने, काही नुसत्या गरिबीने. सोन्याच्या वजनात हा हार महागच म्हणावा लागेल. पण तो गळ्यात घालून कुणी एखाद्या समारंभाला जाईल ही कल्पना माझ्याने करवत नाही. आपल्या भाषेत दागिन्यासाठी दोन क्रियापदे आहेत, 'घडवणे' आणि 'मोडणे'. मुलाचे शिक्षण, दवाखाना, सावकार, कशासाठी तरी दागिना मोडतात, आणि दुकानदार घट वजा करून पैसे हातावर ठेवतो. ज्या घरात सोने आहे त्या घरात ही दोन्ही क्रियापदे लोकांना ठाऊक असतात. 'साखळी' हा मोडीचा दागिना आहे. न्यूयॉर्कच्या चारशे वस्तूंत नुसते घडवणे होते.

आणि मोडणे तिथे लागू नव्हते असेही नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये अभिनेत्री एलन बार्किन यांनी घटस्फोटानंतर आपले दागिने न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात काढले. त्यांत रोझेन्थाल यांच्या हातचे पुष्कळ होते, आणि एकूण विक्री दोन कोटी डॉलरच्या वर गेली. पतीने दिलेले दागिने, लग्न संपल्यावर मोडलेले. क्युन्झलींच्या ४८ अंगठ्यांची आणि या लिलावाची गोष्ट मुळात एकच आहे, फक्त घाटांत फरक. एका प्रदर्शनाने ती गोष्ट हाराच्या रूपाने गळ्याला भिडवली. दुसऱ्याने ती 'खासगी संग्रह' या दोन शब्दांखाली पुरली.

क्युन्झलींच्या आणखी एका कामाबद्दल सांगितल्यावाचून राहवत नाही. म्युनिकमधल्या निम्फेनबुर्ग राजवाड्यात बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने काढवून घेतलेली सुंदर स्त्रियांची ३६ व्यक्तिचित्रे आहेत. त्या दालनाला 'सौंदर्यवतींचे दालन' म्हणतात. १९८४ मध्ये क्युन्झलींनी या नावाला टोमणा मारणारी छायाचित्रमाला केली. तिच्यातल्या स्त्रियांनी चित्रांच्या जडशीळ सोनेरी चौकटीच गळ्यात अडकवल्या आहेत. चेहरा चौकटीत, धड बाहेर. स्त्रीला सजवणे आणि तिला चित्र करून भिंतीवर टांगणे यांतले अंतर किती, हे त्या एका चौकटीतून कळते.

काव्यशास्त्र शिकवणाऱ्याला ही छायाचित्रे पाहून क्षेमेंद्र आठवणार नाही असे होणार नाही. अकराव्या शतकातल्या या काश्मिरी आचार्याने औचित्याचा सिद्धांत मांडताना दागिन्यांचेच उदाहरण घेतले होते : कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, नूपुर हातात चढवले, तर हसे होणार. दागिना स्वतः कितीही अस्सल असो, तो कुठे बसला आहे यावर त्याचे शोभणे ठरते. त्याआधी दोन शतके आनंदवर्धनाने सांगून ठेवले की अलंकार रसाच्या ओघात आपसूक यावा, त्यासाठी वेगळा खटाटोप दिसू नये. आपले आचार्य काव्यातल्या अलंकाराविषयी बोलताना पुन्हा पुन्हा अंगावरच्या अलंकाराकडे वळतात ते उगीच नाही. त्यांच्या लेखी अलंकार हा संबंधवाचक शब्द होता. अलंकार म्हटले की अलंकार्य आलेच. कुणाचा अलंकार, हा प्रश्न त्याच्या व्याख्येतच बसलेला. काचेच्या पेटीत अलंकार्य नसते. मखमलीवर टाचलेले फुलपाखरू कुणाच्याच खांद्यावर बसलेले नसते. मग त्याचे औचित्य कशाशी ताडून पाहणार? आपण नाइलाजाने खडे मोजू लागतो आणि खटाटोपालाच रस समजून घरी जातो.

नरहरी सोनारांची कथा महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही माहीत असते. विठ्ठलासाठी सोन्याचा करगोटा घडवायचा, पण नरहरी कट्टर शैव; ते देवळात पाऊल ठेवायला तयार नाहीत. गिऱ्हाइकाने आणलेल्या मापावर करगोटा घडवला तर तो कधी सैल, कधी आखूड. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते गाभाऱ्यात गेले आणि मूर्तीला हात लावला तो हाताला शिव लागला. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. भक्तीचा अर्थ कीर्तनकारांनी सांगितला आहेच. मला यातला सोनार महत्त्वाचा वाटतो. डोळे बांधूनही त्याचे काम अडले नाही, कारण त्याचा हात अंगाला लागला होता. अंग नसताना नुसत्या सांगोवांगीच्या मापावर घडवले तेव्हा ते चुकले. सोने ज्यांना आंधळे करते त्यांत या सोनाराची गणना करता येणार नाही.

आता माझ्याच बाजूची लंगडी जागा दाखवतो, नाहीतर वर्गात विद्यार्थी दाखवतीलच. क्युन्झलींचा दागिना हा दागिना आहे की दागिन्यावरची टिप्पणी? रबराच्या कड्याची कल्पना एकदा कळली की कडे हाती नसले तरी चालते. चांगल्या कोटीसारखी ती तोंडी फिरते. हा आक्षेप मला पूर्णपणे खोडता येत नाही. शिवाय 'साखळी'देखील अखेर काचेतच आहे, आणि क्युन्झलींचे चाहते त्यांच्याविषयी ज्या दबल्या आवाजात बोलतात तो आवाज पॅरिसच्या पेढीत शोभावा असाच असतो. साधेपणाचाही एक थाट असतो, आणि आम्हा मराठीच्या मास्तरांना त्याचे आकर्षण जरा जास्तच. काळे रबर पाहून भारावणे आणि हिरा पाहून नाक मुरडणे यात रसिकता आहे असे कुणी समजू नये. रोझेन्थाल यांच्या झेब्र्यासमोर मी शंभर रबरी कडी ठेवणार नाही. मात्र म्युनिकमधल्या वस्तू स्वतःच प्रश्न विचारीत होत्या. संग्रहालयाला गप्प बसता आले नसते. न्यूयॉर्कच्या वस्तू बोलत नव्हत्या, तेव्हा बोलण्याची जबाबदारी संग्रहालयाची होती. ती त्याने टाळली. ज्याच्याकडे एवढे कसब आहे त्याच्या चाळीस वर्षांत कुठे पुनरुक्ती झाली, कुठे नुसता गोडवा उरला, फुलपाखरांपैकी कोणते जिवंत आणि कोणते सवयीचे, हे सांगणारा एक माणूस प्रेक्षकाच्या शेजारी उभा असायला हवा होता. चारशे वस्तूंत एकही फसलेली नाही असे दाखवणे म्हणजे उरलेल्या सगळ्यांवर अविश्वास निर्माण करणे होय.

यंदा मी वर्गाला एक काम दिले. घरातला एक दागिना निवडा आणि संग्रहालयाच्या पद्धतीने त्याची नोंद लिहा : नाव, वर्ष, धातू, खासगी संग्रह. नोंदी आल्या. ठुशी, बोरमाळ, कोल्हापुरी साज, एका मुलाने आजोबांची भिकबाळी लिहिली. मग म्हटले, आता या नोंदीत जे मावले नाही ते मागच्या बाजूला लिहा. एका विद्यार्थिनीने पुढच्या बाजूला लिहिले होते, 'पाटल्या, दोन, सोने'. मागे लिहिले होते की त्या चार होत्या, दोन विहिरीत गेल्या. मला क्षणभर अपघात वाटला. तिने खुलासा केला, 'सर, म्हणजे विहीर खोदायला.' आणि त्या विहिरीला पाणी लागले की नाही, यावर घरात अजून वाद आहे. ही नोंद मी जपून ठेवली आहे.

हे सारे मला इतके का लागते, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ कवीच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागितला गेला. कवी मोठे, मला मनापासून आवडणारे. मी वीस पाने लिहिली. त्यांतल्या एका परिच्छेदात म्हटले होते की त्यांच्या शेवटच्या दोन संग्रहांत प्रतिमा दागिन्यांसारख्या मोजून बसवलेल्या आहेत आणि त्यांच्याखालचे अंग हरवले आहे. संपादकांचा फोन आला. फार आदबीने म्हणाले, 'सर, लेख उत्तमच आहे, पण तेवढा परिच्छेद… प्रसंग गौरवाचा आहे ना.' मी ऐकले. परिच्छेद काढला. लाज त्यांची नाही, माझी आहे. ग्रंथ देखणा निघाला, कापडी बांधणी, सोनेरी अक्षरे. त्यातले बत्तीस लेख वाचून कुणाही विद्यार्थ्याला त्या कवीशी भांडावेसे वाटणार नाही, आणि म्हणून त्याला वाचावेसेही वाटणार नाही. आमच्या ग्रंथालयाच्या प्रतीवर गेल्या सहा वर्षांत एकही शिक्का पडलेला नाही. मी स्वतः उघडून पाहिले.

ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीची बोलणी चालू असल्याचे परवा कानावर आले. तो परिच्छेद माझ्याकडे अजून आहे. तो जोडून लेख पुन्हा पाठवतो आहे, आणि या वेळी फोन आला तर संपूर्ण लेखच परत मागणार आहे.